एका पानाला एक तारीख

२४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

फोन केला की वहिनी उचलते आणि "ते रोपांत आहेत" म्हणते. सकाळी रोपांत, दुपारी रोपांत, रविवारीही रोपांत. तिची रोपवाटिका एवढी मोठी कधी झाली? ई-मेल तू उघडत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला.

विषय कामाचा आहे. आधीच सांगते, म्हणजे "आली वाटतं आठवण" असं म्हणायला तू मोकळा.

कपाट बंद होणार आहे. आपण ज्या कंपनीची मशिनं वापरतो तिने कळवलं आहे की जुनी मशिनं तीस एप्रिलला काढणार, आणि नव्या मशिनवर तुझी बारा वर्षांपूर्वीची भाषा चालणार नाही. आमची नवी प्रोग्रामर बँकेतली नोकरी सोडून आली आहे, माझ्याच वयाची. तिला मी सांगत होते, की ग्राहकांना आपापल्या वेबसाइटवर स्वतः लिहिता यावं म्हणून माझ्या भावाने एक व्यवस्था बनवली. जग तिला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतं, आम्ही कपाट म्हणतो. ती म्हणाली, "तयार मिळत असताना घरी कशाला बनवायची?" मी तुझंच उत्तर दिलं. तयार सदऱ्याच्या बाह्या प्रत्येकाला थोड्या लांब होतात, आपण माप घेऊन शिवतो. ती म्हणाली, "आणि शिंपी निघून गेला की?"

मग तिने तुझ्या प्रोग्रामचं लिखाण दुपारभर वाचलं आणि "हे चालतं कसं हेच मला कळत नाही" म्हणाली. मला हसू आलं. ते तुला न सांगता लिहिणं बरं वाटेना, म्हणून सांगितलं.

सहा वर्षांपूर्वी मी हेच म्हणत होते, आपण तयार सिस्टिम घेऊ या, एका माणसाच्या डोक्यावर सगळं नको. तू ऑफिसच्या किल्ल्या टेबलावर ठेवून "मग तूच चालव" म्हणालास. मी बरोबर होते का, ते मला अजूनही ठरवता येत नाही. सहापैकी पाच ग्राहक आम्ही तयार सिस्टिमवर नेले. बागकामाच्या मासिकाचे संपादक रोज फोन करतात, "बाई, तुमच्या कपाटाला चार बटणं होती. नवं पान, ठेवा, दाखवा, झाका. ह्याला चाळीस आहेत आणि एकही माझ्या कामाचं नाही!" अशा वेळी तू बरोबर होतास असं वाटतं. फोन ठेवला की पुन्हा मी.

सहावा ग्राहक राहिला आहे. स्नायूंचा आजार असलेल्या मुलांच्या पालकांचा संघ. संघाच्या बाई तुला आठवत असतील, मुलीला कडेवर घेऊन आपले दोन जिने चढून आल्या होत्या. ती मुलगी दीड वर्षापूर्वी गेली. चौदा वर्षांची होती. आठ वर्षं बाई जवळजवळ रोज कपाटाच्या खासगी कप्प्यात तिच्याबद्दल लिहीत होत्या. आज काय जमलं, काय जमलं नाही. दोन हजार तीनशे शेहेचाळीस पानं आहेत. आता त्यांच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई, ज्यांच्या मुलांचं नुकतंच निदान झालंय अशा घरांसाठी पुस्तिका करत आहेत. चालणं, धरणं, काय कधी सुटतं, आजाराच्या दोन पायऱ्यांच्या मधे किती दिवस मिळतात. असं तारीखवार लिहिलेलं दुसऱ्या कुणाकडे नाही. मे महिन्यात बाई ती सगळी पानं त्यांना देणार आहेत. मुलगी गेल्यापासून त्या ह्या एकाच कामासाठी उठतात, असं त्या स्वतःच म्हणाल्या.

खासगी कप्प्याला तू स्वतःच्या डोक्यातलं कुलूप लावून ठेवलं आहेस, आणि पानं एकगठ्ठा बाहेर काढायची वाट आम्हाला कुठे सापडत नाही. ती धक्का न लागता कशी काढायची, एवढंच कळव. दोन ओळी पुरेत. माझ्यावरचा राग तसाच ठेवलास तरी चालेल.

तुझी,
चिंगी


९ मार्च

प्रिय दादा,

पत्र मिळालं असणार, कारण वहिनी फोनवर "मिळालं" म्हणाली. त्यावर "ते लिहिणार आहेत" असंही म्हणाली. म्हणजे लिहिलेलं नाही.

मी रोज टपालाच्या पेटीत डोकावते. खालच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक विचारतात, "कुणाचं पत्र यायचंय एवढं?" मी म्हटलं, "शिंप्याचं." त्यांना काहीच कळलं नाही.

पंधरा तारखेपर्यंत वाट बघते. मग आम्हाला जमेल तसं करू. बाईंनी परवा पुन्हा विचारलं. घाई म्हणून नाही हो, म्हणाल्या, नुसतं विचारलं.

चिंगी


२० मार्च

दादा,

झालं. तुझ्यावाचून झालं.

आमच्या प्रोग्रामरने वाट शोधली. खासगी पान उघडून "ठेवा" दाबताना कुलूप काढून ठेवायची सोय तूच करून ठेवली होतीस, ती तिला सापडली. तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला, तो एकेक पान उघडतो, कुलूप काढतो, ठेवतो. परवा चार पानांवर करून बघितलं. मी स्वतः चारही पानांचा मजकूर आधीच्याशी ताडून पाहिला, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. काल साडेअकराला उरलेल्या सगळ्या पानांवर चालवला. एक वाजायच्या आत दोन हजार तीनशे शेहेचाळीस पानं उघडी झाली. आम्ही दोघींनी डबे उघडले आणि पाणी पिऊन एकमेकींचं अभिनंदन केलं. आता ती नव्या सिस्टिममध्ये न्यायची, की संपलं.

खरं सांगू? मला वाईट वाटायला हवं होतं, पण बरं वाटलं. इतकी वर्षं मी कपाटाला हात लावायला भीत होते. काही झालं तर दादाला विचारावं लागेल, आणि दादा रोपांत. काल पहिल्यांदा वाटलं की ही कंपनी माझी आहे.

असं वाटणं फार कोतं आहे का? असेल. तरी पाठवते.

चिंगी


२ मार्च

चिंगे,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या बँकवालीला सांग, चालतं कसं ते कळत नसेल तर कळेपर्यंत हात लावू नकोस. बारा वर्षं चाललंय, तेही तिला न विचारता.

आता कामाचं. पत्र पुढे वाचण्याआधी हा खालचा परिच्छेद तिला दाखव.

कपाटात एका पानाला एकच तारीख आहे. लिहिल्याची वेगळी आणि बदलल्याची वेगळी अशा दोन नाहीत. आपल्या पहिल्या ग्राहकाचा दोन तारखा बघून गोंधळ व्हायचा, म्हणून मी एकच ठेवली, आणि ती "ठेवा" दाबलं की त्या दिवसाची होते. तेव्हा जुनी पानं उघडून पुन्हा ठेवायची नाहीत. एकही नाही. आधी सगळ्या तारखा वेगळ्या उतरवून घ्या. कशा ते सोबतच्या कागदावर लिहिलंय, अर्ध्या तासाचं काम आहे. मग कुलूप काढा.

दुसरं म्हणजे, कपाट रोज दुपारी एकला, तुम्ही जेवायला बसता तेव्हा, स्वतःची एक प्रत काढतं आणि कालच्या प्रतीच्या जागी ठेवतं. एकच प्रत असते. चूक झाली तर एकच्या आत लक्षात यायला हवी.

बाई आठवतात. मुलीने माझ्या टेबलावरचा पेपरवेट मागितला होता आणि मी दिला होता. ती गेल्याचं मला कुणी कळवलं नाही. बरोबर आहे, मी तरी कुणाला काय विचारलं?

दादा


२३ मार्च

दादा,

तुझं पत्र काल दुपारी आलं. उभ्यानेच वाचलं. तारखेच्या परिच्छेदाला जिन्यातच बसले.

वर जाऊन पानं उघडली. सगळ्यांवर एकोणीस मार्च. पहिल्या पानावर एकोणीस मार्च, शेवटच्यावर एकोणीस मार्च. फक्त आम्ही आदल्या दिवशी तपासलेल्या चार पानांवर अठरा. म्हणजे चूक अठरालाच माझ्यासमोर होती. मी मजकूर ताडला, तारखेकडे पाहिलं नाही. प्रोग्रामर म्हणते की चूक तिची. ती रडली. मी तिला म्हटलं की तपासणारी मी होते. हे मी मोठेपणाने म्हटलं का, हे नंतर खूप वेळ स्वतःला विचारलं. नाही, ते नुसतं खरं होतं.

प्रत बघितली. एकोणीसला दुपारी एकला कपाटाने नियमाप्रमाणे नवी प्रत काढून जुनीच्या जागी ठेवली होती. आम्ही पाणी पीत होतो तेव्हाच.

पानांना क्रमांकही नाहीत. तू पानं तारखेनेच लावतोस ना? आता सगळ्यांची तारीख एकच, त्यामुळे ती मजकुराच्या पहिल्या अक्षराप्रमाणे लागली आहेत. सगळी "आज"ने सुरू होणारी एकत्र, सगळी "काल"ने सुरू होणारी एकत्र. आठ वर्षं.

एक गोष्ट विचारायची आहे. तुझ्या पत्रावर तारीख दोन मार्चची आहे. पाकिटावरचा टपालाचा शिक्का एकोणीस मार्चचा आहे. मधले सतरा दिवस ते पत्र कुठे होतं?

चिंगी


२७ मार्च

चिंगे,

माझ्या टेबलाच्या खणात.

दोनला लिहिलं, पाकीट बंद केलं, तिकीट लावलं. मग तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं आणि "मला हसू आलं" ह्या ओळीशी थांबलो. म्हटलं, हसू दे. अडल्यावर फोन करेल, तेव्हा उचलू. वहिनीने विचारलं, "पत्र टाकलंत का?" मी हो म्हटलं. तिच्याशी मी आजवर फारसं खोटं बोललेलो नाही, तुला माहीत आहे. तुझं नऊ तारखेचं पत्र आलं तेव्हाही टाकता आलं असतं. तेव्हा वाटलं, आता नाक घासत येईलच. तुम्ही दोघी अडून बसलेल्या मला बघायच्या होत्या. मुलीचा विचार मनात आला नाही असं नाही. आला, पण तीस एप्रिल लांब आहे म्हणून मी त्याला बाजूला बसवलं. शेवटी एकोणीसला सकाळी बाजारात जाता जाता पत्र पेटीत टाकलं. रागही तोवर जुना झाला होता. तुम्ही साडेअकराला प्रोग्राम चालवलात ना? मी दहाला टाकलं असेल.

फोन केला असता तर दीड तास हातात होता. मी फोन केला नाही.

आणखी एक आहे. ते तू विचारलेलं नाहीस. एकगठ्ठा पानं बाहेर काढायची वाट तुम्हाला सापडली नाही, कारण ती मी काढून टाकली होती. पहिल्या वर्षी होती, चांगली होती. मग तो शाळेच्या गणवेशांचा दुकानदार त्याच वाटेने सगळी पानं घेऊन दुसऱ्या कंपनीकडे गेला. त्या आठवड्यात मी ती बुजवली. तुला म्हटलं, जागा वाचवायला काढली. तू विश्वास ठेवलास. स्वतःचं बनवावं की तयार घ्यावं ह्यावर आपण वर्षभर भांडलो, आणि त्या सगळ्या वर्षात मला माहीत होतं की मी लोकांना आत घेऊन दार बुजवलंय. माझी चार बटणं चांगली होती, हे मी अजूनही म्हणतो. पण चांगली बटणं केली म्हणून बाकीचं माफ होत नाही.

मी प्रयत्न करून पाहिला. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून सांगतो. जुना कॉम्प्युटर बाहेर काढला, माझंच लिखाण तीन दिवस वाचलं. तारखा कुठे मागे उरल्या असतील तर त्या शोधत होतो. कुठेही नाहीत. मी फार स्वच्छ काम करायचो.

बाईंना तू सांगितलंस का? यंत्र बिघडलं असं सांगू नकोस. माझं नाव सांग. खणातलं पत्रही सांग.

दादा


२ एप्रिल

दादा,

सांगितलं. पण आधी दहा दिवस सांगितलं नाही, तेही लिहिलं पाहिजे.

मी ई-मेल लिहिला होता, "तांत्रिक अडचणीमुळे काही पानांच्या तारखा उपलब्ध नाहीत." "काही" हा शब्द मी विचार करून घातला होता. "उपलब्ध नाहीत" हेही. पुन्हा वाचलं तेव्हा वाटलं की हे वाक्य एखाद्या मोठ्या कार्यालयाने लिहिलंय आणि त्यात मी कुठेच नाही. मग तुझं पत्र आलं. ई-मेल पुसला आणि काल बसने गेले.

बाईंचं घर तळमजल्यावर आहे. दारापासून आतपर्यंत पायरी नाही, दाराला उंबरा नाही, भिंतीला मुलीच्या हाताच्या उंचीवर कठडा आहे. चाकाच्या खुर्चीची जागा मोकळी ठेवलेली आहे, तिथे काही ठेवत नाहीत. मी सगळं सांगितलं. तुझ्या खणातलं पत्र, माझी चार पानं, जेवणाची सुट्टी. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या,

"सगळ्यांवर एकोणीस मार्च?"

"हो."

"एकोणीसला मी काय करत होते?" त्यांनी आठवून पाहिलं. "पडदे धुतले."

मी "बाई, माफ करा" म्हटलं, तर म्हणाल्या, "थांबा जरा. मी तुम्हाला पहिल्या दिवशी विचारलं होतं. प्रत्येक पानावर तारीख लिहू का, असं विचारलं होतं."

मला आठवत नव्हतं. त्या उठल्या आणि आपली ती हिरव्या मुखपृष्ठाची पुस्तिका घेऊन आल्या, कपाट कसं वापरायचं ती, मी लिहिलेली. पान चार. "तारीख लिहू नये. कपाट आपोआप लिहितं." लिहू नये. "गरज नाही" असंही मला लिहिता आलं असतं, दादा. मला नेटकेपणाची हौस होती.

"मी शहाण्या विद्यार्थ्यासारखी वागले," बाई म्हणाल्या. "तुमचं ऐकलं."

निघताना मी विचारलं, आम्ही काही करू शकतो का? त्या म्हणाल्या, "तुम्ही नको. तुम्ही रडाल. ज्यांनी ते बनवलं त्यांना पाठवा."

त्यांचं गाव तुझ्याकडून दोन तासांवर आहे. तू जाशील का, हे मी विचारत नाही. पत्ता खाली लिहिला आहे.

चिंगी


५ एप्रिल

चिंगे,

उद्या जातो. वहिनीला खणातल्या पत्राचं सांगितलं. ती उठून रोपांना पाणी घालायला गेली. आता तीच रोपांत असते.

पानं सगळी छापून पाठव. बाईंच्या पत्त्यावर. एका पानावर एक.

दादा


२६ एप्रिल

चिंगे,

आज काम थांबलं. संपलं असं म्हणत नाही. तुला नीट सांगायला हवं म्हणून बाईंच्या जेवणाच्या टेबलावरच बसून लिहितो आहे. त्या आत आहेत.

पहिल्या दिवशी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या कपाटवाले. चहा देईन. बोलायचं असेल तर पानांबद्दल बोला." तेव्हापासून दिवसाआड येतोय. वीस दिवसांत एकदाही त्यांनी मला बरं म्हटलं नाही, की वाईट म्हटलं नाही. मी एकदा सुरुवात केली, "बाई, ते पत्र मी..." तर "हे पान बघा, ह्यात दात पडलाय," म्हणाल्या.

तुला वाटत असेल की आम्ही दवाखान्याची फाइल घेऊन बसलो. बसलो. त्यातून शंभरेक पानांना तारीख मिळाली. शाळेच्या पत्रांवरून, फोटोंवरून आणखी थोड्यांना. बाकीच्यांचा क्रम लावायचा एकच मार्ग होता, आणि तो मला दुसऱ्या दिवशी कळला. बाईंना पहिल्या तासातच कळला असावा. ज्या पानात ती जिना चढते ते आधीचं. ज्यात कठडा धरून चढते ते नंतरचं. मग घरात चालते. मग उभी राहते. मग चमचा धरते. मग चमचा धरते पण तोंडापर्यंत नेत नाही. एकेक गोष्ट कुठे सुटली ते बघायचं आणि पान तिथे ठेवायचं. बाई पान उचलायच्या, दोन ओळी वाचायच्या आणि "इथे" म्हणायच्या. मी गठ्ठा उचलून जागा करून द्यायचो. जे आठ वर्षांत झालं ते त्यांना तीन आठवड्यांत पुन्हा घडताना बघायला लागलं, आणि ते माझ्यामुळे.

मी एकदा म्हटलं, "बाई, आज पुरे करू या का?" त्या म्हणाल्या, "तेव्हा मला कुणी पुरे म्हणालं नव्हतं."

दोन हजार दोनशे चौतीस पानं लागली. दिवस सगळे बरोबर नाहीत. महिना बहुतेक बरोबर आहे, कुठे कुठे नुसता ऋतू. डॉक्टरीणबाई काल येऊन बघून गेल्या. ह्यातून काय कोणत्या वर्षी सुटतं ते सांगता येईल, म्हणाल्या. मधे किती दिवस मिळतात ते मात्र सांगता येणार नाही. घरचे लोक पहिला प्रश्न तोच विचारतात, असंही म्हणाल्या. बाईंनी मान हलवली.

आज एकशे बारा पानं हातात उरली. चिंगे, त्या प्रत्येक पानावर एकच ओळ आहे. "आज विशेष काही नाही." एकशे बारा वेळा तेच, कुठे पूर्णविराम आहे, कुठे नाही.

मी विचारलं, "ही कधीची?"

"मला कसं कळणार?" बाई म्हणाल्या. "काही झालं नाही म्हणून तर असं लिहिलं. पडली नाही, ताप नाही, श्वास लागला नाही. संध्याकाळ झाली, दिवा लावला, आम्ही दोघी हसत होतो बहुतेक. लिहायला काही नव्हतं."

"हे चांगले दिवस होते," मी म्हणालो. म्हणायला नको होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना पाहिजेत ते हेच. मधले."

मग त्यांनी तो गठ्ठा स्वतःकडे ओढला. प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात कपाटाने छापलंय, एकोणीस मार्च. ती त्या दिवशी ह्या जगात नव्हती. बाईंनी पेन घेतलं आणि पहिल्या पानावरची तारीख खोडली. समोर दुसरी काही लिहिली नाही. मग दुसऱ्या पानावरची. मी म्हटलं, "द्या, मी खोडतो." त्यांनी पेन दिलं नाही. मग मी नुसता शेजारी बसून एकेक पान त्यांच्या पुढे सरकवत राहिलो, आणि खोडून झालं की पलीकडे ठेवत राहिलो, एकशे बारा होईपर्यंत.

दादा